डाळिंबाच्या सालीचा काढा आणि न भरणारी जखम

प्रश्न : वडिलांना मधुमेह असून त्यांच्या तळपायाची जखम तीन महिने भरत नाही. तपासणीत जंतूंना बहुतेक प्रतिजैविके लागू पडत नसल्याचे आढळले. डाळिंबाच्या सालीच्या अर्काने असे जंतू मरतात, असे वाचले. घरची बाग आहे. सालीच्या काढ्याने जखम धुवावी का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : धुऊ नये. आपण वाचलेले मात्र खोटे नाही.

माठ आठ दिवस घासला नाही की आतून बोटाला जो बुळबुळीत थर लागतो, तो जंतूंनी स्वतःभोवती तयार केलेल्या चिकट आवरणाचा असतो. हीच बायोफिल्म. ती विसळून जात नाही, घासावीच लागते. जुनाट जखमेत स्टॅफिलोकॉकस आणि स्युडोमोनास हे जंतू असाच थर धरतात. त्यातील जंतूंना मारण्यासाठी मोकळ्या जंतूंच्या तुलनेत कधी कधी हजारपट प्रतिजैविक लागते. कारण औषध आत झिरपण्यास अडथळा होतोच, शिवाय तळाशी असलेले जंतू प्राणवायूअभावी जवळजवळ निद्रिस्त असतात आणि बहुतेक प्रतिजैविके वाढत्या जंतूंवरच चालतात.

वनस्पतींची खुबी येथेच आहे. लसणातील अजोईन हे द्रव्य स्युडोमोनासला न मारता त्याच्या जंतूंमधील रासायनिक निरोप अडवते, त्यामुळे थर धरण्याची त्यांची एकजूट ढिली पडते. डाळिंबाच्या सालीतील टॅनिने ही तुरट द्रव्ये प्रथिनांना घट्ट चिकटतात आणि प्रयोगशाळेत स्टॅफिलोकॉकसला थर धरू देत नाहीत. परंतु तेथे अर्क बहुधा अल्कोहोलसारख्या द्रावकात काढलेला आणि मोजून घातलेला असतो. जखमेत पू आणि रक्त असते. टॅनिने त्यांतील प्रथिनांनाच चिकटून खर्ची पडतात. घरचा काढा दर वेळी सारखा उतरत नाही, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात रात्रभर ठेवलेल्या काढ्यात नवे जंतू वाढायला वेळ लागत नाही. शिवाय डाळिंबावरील तेल्या या जिवाणूजन्य रोगासाठी बागेत स्ट्रेप्टोमायसीन हे प्रतिजैविक असलेले औषध फवारले असेल, तर सालीबरोबर प्रतिजैविकाचा अंशही येऊ शकतो, हा विरोधाभास आपण बागायतदार म्हणून जाणालच.

वडिलांच्या जखमेतील मृत भाग शल्यचिकित्सकांकडून पुन्हा पुन्हा काढून घेणे, हेच येथे माठ घासणे होय. सोबत रक्तातील साखर आटोक्यात ठेवावी, पायाचा रक्तपुरवठा तपासून घ्यावा आणि जखमेवर भार येणार नाही असे पादत्राण वापरावे. काढा आधीच लावून पाहिला असेल, तर तसे डॉक्टरांना अवश्य सांगावे. ही साल कापड रंगवण्यासाठी वापरली जाते, आणि तिच्या डागामुळे जिवंत मांसही मृत भागासारखे काळपट दिसू शकते.