साइडकारची गाडी आणि खारा वारा

प्रश्न : माझ्या ३५० सीसी मोटारसायकलला डावीकडे साइडकार आहे. दाभोळ-धोपावे फेरीबोटीने सहकुटुंब वारंवार जाणे होते. गाडी सतत डावीकडे ओढते आणि जोडणीचे नट गंजतात. उपाय सुचवावा. (एक वाचक, गुहागर)

उत्तर : गती देताना गाडी डावीकडे किंचित ओढणे स्वाभाविक आहे, कारण साइडकारला स्वतःचे इंजिन नसते, मात्र एकसारख्या वेगातही हात दुखू लागत असतील, तर जुळणी बिघडली आहे असे समजावे. तिन्ही टायरांतील हवा तपासून, नेहमीचा भार ठेवून गाडी सपाट फरशीवर उभी करावी. मोटारसायकलच्या दोन्ही चाकांलगत एक आणि साइडकारच्या चाकालगत एक अशा सरळ पट्ट्या ठेवाव्यात. त्यांच्यातील अंतर मागच्यापेक्षा पुढे थोडे कमी हवे, आणि मोटारसायकल उभ्या रेषेपासून किंचित उजवीकडे कललेली हवी.

गंजाचे मूळ फेरीबोटीवर उडणाऱ्या खाऱ्या तुषारांत आहे. घरी पोहोचताच गोड्या पाण्याने गाडी धुवावी, परंतु बेअरिंगवर जोराचा फवारा मारू नये. वाळल्यावर नटांना ग्रीस लावावे. साइडकारमधील पायपुसणे उचलून पाहिलेत का? त्याखालची पाण्याची भोके जांभ्याच्या तांबड्या चिखलाने हमखास बुजतात, आणि पत्रा आतूनच सडतो.

सजावटीचे दिवे नंतर घ्या. आधी घट्ट बसणारे ताडपत्रीचे आच्छादन शिवून घ्या. साइडकार रिकामी असताना डाव्या वळणावर तिचे चाक उचलले जाते, म्हणून तळाशी वाळूचे पोते बांधून ठेवावे. साइडकारची नोंद आरसी पुस्तकात आहे ना, तेही पाहावे.