करंगळीमागचं हाड दुखतंय? आधी बॉक्सिंग बॅगवर मारणं बंद करा

तुम्ही लिहिलंय की बॉक्सिंगच्या बॅगवर हुक (कोपर वाकवून बाजूने मारायचा पंच) मारताना करंगळीच्या नकलमागे (मूठ वळली की दिसतो तो उंचवटा) कळ आली, चार दिवसांनीही सूज आहे आणि क्लासमधले म्हणतायत हात 'पक्का' होतोय. वाचून पोटात गोळा आला, कारण माझं सेम हेच झालं होतं.

मूठ, अंगठा, स्टान्स वगैरे येतच असेल, ते सोडतो. माझी चूक शेवटच्या राउंडला झाली. दमलो होतो, कोपर खाली पडलं, हुक लांबून मारला आणि सगळा जोर करंगळीवर आला. एक करून बघा, दुखऱ्या नाही, चांगल्या हाताचं मधल्या बोटाचं नकल धरून हलवा, जागचं हलत नाही, मग करंगळीचं हलवा, ते खालीवर होतं. अंगठ्याशेजारचं बोट आणि मधलं बोट, यांच्या मागची दोन हाडं मनगटाशी घट्ट बसलेली असतात म्हणून मार त्यांच्यावरच बसायला हवा, करंगळीमागचं हाड बारीक, ते मानेत, म्हणजे नकलच्या लगेच मागे, मोडतं. बॉक्सर्स फ्रॅक्चर म्हणतात ते हेच.

पण मला खरं महागात पडलं ते क्लिनिक. टेबलापलीकडूनच हात बघितला, हात लावला नाही, एक्सरे नाही, "लचक आहे", मलम, क्रेप बँडेज, आठ दिवसांनी सुरू करा. मी नवव्या दिवशी बॅगवर!! दुखणं थांबेना म्हणून तीन आठवड्यांनी दुसरीकडे एक्सरे काढला तोवर हाड वाकडंच जुळायला लागलेलं. आजही मूठ वळली की तीनच उंचवटे दिसतात, चौथ्याच्या जागी खळगा. दोन मिनिटांचा फोटो काढला असता तर हे टळलं असतं, याचा राग अजून जात नाही.

मी डॉक्टर नाही, पण बोटं हळूच अर्धी मिटून बघा. करंगळी शेजारच्या बोटावर चढत असेल किंवा त्याच्याखाली जात असेल तर हाड फिरलेलं असू शकतं, आजच हाडांच्या डॉक्टरकडे जा. चढत नसली तरी एक्सरे मागून घ्या, लाजू नका.

बरं झाल्यावर (डॉक्टर हो म्हटल्यावरच) हुक जवळून आणि हळू मारा, कोपर मुठीच्या उंचीला, मनगट सरळ, जोर कमरेतून. मूठ लागेपर्यंत सैल, लागताना आवळायची. दमल्यावर बॅग सोडून शॅडो (हवेतच पंच) करा, माझ्या मते बहुतेक हात शेवटच्याच राउंडला मोडतात, कोणी काही म्हणो. आणि जाड ग्लोव्हजच्या भरवशावर राहू नका, त्यात चुकीचा पंच कळतच नाही. रॅप (ग्लोव्हजच्या आत हाताला गुंडाळायची पट्टी) १८० इंचीच घ्या, आखूड असला की मनगटाला वेढे कमी पडतात.

अजून एक, स्पारिंगमध्ये (सरावाच्या लढतीत) कुणाचा दात लागून नकलवर कापलं तर छोटी जखम म्हणून सोडू नका, तोंडातले जंतू सांध्यात जातात, त्याच दिवशी दाखवा.

एक्सरेत काय निघालं ते इथे टाका, वाट बघतोय.