वाचकांचे प्रश्न : तान कुठे अडते, बॅट कुठे चुकते

अव्वल ठरणाऱ्यांकडे उपजत गुणांपलीकडे असतं तरी काय, या विषयावर ग्वाल्हेरहून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रं या वेळी घेतली आहेत. उत्तरं गाणं शिकवणारे, क्रिकेटचं प्रशिक्षण देणारे आणि मानसशास्त्राचे अभ्यासक यांनी मिळून लिहिली आहेत.

माझी नात सोळा वर्षांची आहे. रोज दोन तास रियाज करते. यमन रागातली तान संथ लयीत स्वच्छ येते, लय चढली की गढूळ होते. ‘घोटत राहा’ असं तिला सांगतात. तिच्याबरोबरची मुलगी तासभरच बसते, तरी पुढे गेली. ही गळ्याची देणगीच म्हणायची का?
– एक आजोबा, दाणाओळी, लष्कर

आजोबा, गळ्याचा वाटा असतोच, पण त्याचा निकाल लावायची घाई नको. आधी तान नेमकी कुठे फाटते ते पाहा. ‘निरेगम धनिसांरें सांनिधप मगरेसा’ (म तीव्र) ही साधी सोळा स्वरांची तान घ्या. मात्रेला चार स्वर धरले तर चार मात्रांची. तीनतालात (सोळा मात्रांचा ताल) तेराव्या मात्रेवर उचलली की समेवर, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, उतरते. तबला मिनिटाला 80 मात्रांवर ठेवला तर सेकंदाला पाचाहून जास्त स्वर होतात. एवढ्या वेगात गाणाऱ्याला आपली चूक गाता गाता ऐकू येत नाही. म्हणून फोनवर तानपुऱ्यासह रेकॉर्ड करा आणि तेवढा तुकडा निम्म्या वेगानं ऐका.

बहुतेकांचं ‘सांरेंसां’ या वळणावर बिनसतं. वर जाताना गळा आवळला जातो, रिषभ (रे) किंचित उतरतो आणि परतीचा निषाद (नि) गिळला जातो. दुसरी नेहमीची खोड जबड्याची. आकारातली (‘आ’वर गायलेली) तान जबडा हलवून काढली की प्रत्येक स्वराला ‘ह’ चिकटतो. हनुवटीला दोन बोटं लावून गायलं की लगेच कळतं.

दोष सापडला की पूर्ण तान बाजूला ठेवायची. फक्त ‘निसांरेंसां’ घ्यायचं, आधी सरगम (स्वरांची नावं घेत), मग आकार. ज्या लयीत ते बिनचूक येतं ती शोधायची, समजा मिनिटाला 48 मात्रा. सलग सहा वेळा स्वच्छ आलं की 4 मात्रा वाढवायच्या. एकदा जरी घसरलं तरी 8 मात्रा खाली यायचं. हे जाच वाटणारं असतं आणि इथेच बहुतेक मुलं कंटाळून पुन्हा पूर्ण तान गायला लागतात. मग पुढचे-मागचे स्वर जोडायचे: ‘धनिसांरें सांनि’, त्यानंतर सगळी तान, शेवटी ठेक्यात तेराव्या मात्रेपासून. एका बैठकीत पंधरा मिनिटं पुरेत, त्यापुढे गळा थकतो आणि थकलेल्या गळ्यावर चूकच पक्की होते.

आणि एक. त्याच दिवशी शेवटी तान छान आली म्हणजे बसली असं समजू नका. दुसऱ्या दिवशी खर्ज (खालच्या स्वरांचा रियाज) आणि चार पलटे (स्वरांच्या ठरावीक सरावरचना) झाल्यावर त्या तानेचा जो पहिलाच प्रयत्न होईल तो रेकॉर्ड करा. प्रगती तिथे मोजायची. तासभर बसणारी मुलगी कदाचित हेच करत असेल, कळत-नकळत. ‘घोटत राहा’ हा सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे. काय घोटायचं ते ठरवल्याशिवाय घोटलं की गढूळ तानही तितकीच घोटली जाते.

दहा हजार तास सराव केला की कुणीही अव्वल होतो, हे खरं का?
– महाविद्यालयीन विद्यार्थी, कंपू

नाही. हा आकडा मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांच्या 1993 च्या अभ्यासातून फुटला. पश्चिम बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांना त्यांनी आजवरच्या सरावाचा हिशेब विचारला. अठराव्या वर्षापर्यंत सर्वोत्तम गटाचा एकट्यानं केलेला सराव सरासरी 7,410 तास, त्याखालच्या गटाचा 5,301 आणि संगीतशिक्षक होऊ घातलेल्यांचा 3,420 तास निघाला. विसाव्या वर्षी पहिला गट सरासरीनं दहा हजारांपलीकडे गेला, म्हणजे त्यातले काही जण बरेच अलीकडे होते. पुढे लोकप्रिय लिखाणात त्याचा नियमच होऊन बसला.

2014 साली ब्रूक मॅक्नमारा आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले. माणसामाणसांतल्या कौशल्याच्या फरकापैकी सरावानं समजावता येणारा वाटा संगीतात 21 टक्के, खेळांत 18 टक्के, बुद्धिबळासारख्या खेळांत 26 टक्के निघाला. बाकीच्यात किती वयात सुरुवात केली, शरीर, घर, शिक्षक असं बरंच काही येतं. एरिक्सन यांचा आक्षेप असा की यात कसलाही सराव मोजला गेला, शिक्षकानं दोष हेरून नेमून दिलेला वेगळा काढला नाही. आक्षेपात तथ्य आहे, तरीही ‘फक्त मेहनत’ हे म्हणणं टिकत नाही. सहा फुटांची उंची रियाजानं येत नाही.

सरावाची ताकद आणि मर्यादा एकाच प्रयोगात पाहायची तर 1980 चा पाहा. ऐकलेले आकडे क्रमानं म्हणून दाखवायचे, एवढंच काम. एका विद्यार्थ्यानं सुमारे 230 तासांच्या सरावानं सात आकड्यांवरून 79 पर्यंत मजल मारली. तो धावपटू होता, आकडे शर्यतीच्या वेळांच्या रूपात बांधत असे. पण आकड्यांऐवजी अक्षरं दिली की गाडी पुन्हा सहावर!

मुलगा पंधरा वर्षांचा, सलामीला खेळतो. नेट्समध्ये पाहत राहावं असा खेळतो, मॅचमध्ये दहा-बारा धावांत परत. सर म्हणतात, टेम्परामेंट नाही. काय करावं?
– एक आई, मुरार

ताई, टेम्परामेंटवर खापर फोडण्याआधी त्याला नेट्समध्ये चेंडू कसे मिळतात ते एकदा उभं राहून पाहा. बहुतेक ठिकाणी थ्रोडाउन (जवळून हातानं फेकलेले चेंडू) म्हणजे वीस चेंडू कव्हर ड्राइव्हचे, मग वीस पुलचे, मग वीस बचावाचे. तिसऱ्या चेंडूपासून मुलाला पुढचा कुठे पडणार हे ठाऊक असतं. हात सुंदर चालतात, पण चेंडू ओळखण्याचं काम त्याला करावंच लागत नाही. मॅचमध्ये नेमकं तेच करावं लागतं.

ताशी 135 किलोमीटरचा चेंडू हातातून सुटल्यापासून फलंदाजापर्यंत यायला जेमतेम अर्धा सेकंद लागतो. डोळ्यानं पाहून शरीर हलायलाच त्यातला सुमारे 0.2 सेकंद जातो. त्यामुळे चांगला फलंदाज मनगट, खांदा, चेंडू सुटण्याची उंची यांवरून आधीच अंदाज बांधतो. हा अंदाज सरावानंच येतो, फक्त तो करायची वेळ सरावात यायला हवी.

तेच साठ चेंडू सरमिसळ करून टाकायला सांगा. टाकणाऱ्यानं चिठ्ठीवर क्रम लिहून ठेवावा, कारण माणूस मनानं टाकायला लागला की नकळत ठरावीक पाळी पडते. 1994 साली अमेरिकेतल्या कॉलेजच्या बेसबॉल खेळाडूंवर असाच प्रयोग झाला. तीन प्रकारचे चेंडू एका गटाला पंधरा-पंधराच्या गठ्ठ्यात दिले, दुसऱ्याला मिसळून. सहा आठवड्यांनी मिसळून खेळलेल्यांची सुधारणा दुपटीहून जास्त होती.

हे सुरू केल्यावर पहिले काही आठवडे तो वाईट खेळताना दिसेल. चेंडू निसटतील, कडा लागतील, आणि सर किंवा बाबा कुणीतरी म्हणणार, “होतं तेच बरं होतं.” तिथे टिकून राहायचं. घरी करण्यासारखं म्हणजे समोरून काढलेला गोलंदाजाचा व्हिडिओ चेंडू सुटताक्षणी थांबवायचा आणि लाइन-लेंग्थ मोठ्यानं सांगायची, मग पुढचं पाहायचं. रोज तीस चेंडू, बरोबर किती ते लिहून. दोन-तीन निरनिराळे गोलंदाज घ्या, नाहीतर तो एकाच्याच लकबी पाठ करेल.

24 फेब्रुवारी 2010 ला आपल्या रूपसिंह स्टेडियमवर सचिननं दक्षिण आफ्रिकेविरुद्ध 147 चेंडूंत नाबाद 200 केले. त्या खेळीची चित्रफीत मुलाला फटक्यांसाठी दाखवू नका. चेंडू टप्पा पडायच्या आधी पाय कुठे निघालेत, तेवढंच बघायला सांगा.

नातू आठ वर्षांचा. हॉकीत चमकतोय. बाकी सगळं बंद करून एकच खेळ धरू का?
– शिंदे की छावणी

नको. जागतिक दर्जाच्या खेळाडूंच्या अभ्यासांत दिसतं की लहानपणी त्यांनी इतर खेळही बरेच खेळलेले असतात आणि सुरुवातीची प्रगती उलट संथ असते. बारा-तेरापर्यंत फुटबॉल, पोहणं, झाडावर चढणं, सगळं चालू द्या.

राज्य लोकसेवा आयोगाची तयारी करतेय. दिवसाला दहा तास वाचते. इतिहास तीनदा झाला, पण टेस्टमध्ये आठवत नाही.
– थाटीपूर

तीनदा वाचलंत म्हणूनच आठवत नाही, असं म्हटलं तर राग मानू नका. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि तो येतो असा भास होतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये एका गटाला उतारा दोनदा वाचायला दिला, दुसऱ्याला एकदा वाचून आठवेल तेवढं लिहायला लावलं. पाच मिनिटांनी दोनदा वाचणारे पुढे होते, 81 विरुद्ध 75 टक्के. आठवड्यानं चित्र फिरलं: 42 विरुद्ध 56.

म्हणून प्रकरण एकदा वाचा, पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर दहा मिनिटं लिहा. पुस्तक उघडून सुटलेलं लाल शाईनं भरा. दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, मग दहाव्या-बाराव्या दिवशी पुन्हा कोरा कागद, आणि दर वेळी आधी लाल शाईतलंच आठवायचं. सुरुवातीला कागद निम्मा रिकामा राहील. त्यानं घाबरून पुस्तक लवकर उघडू नका, निदान दोन मिनिटं डोकं खाजवा.

दहा तासांचे सहा करा. बर्लिनचे ते उत्तम वादकही एका बैठकीत सुमारे दीड तासच बसत, मग विश्रांती घेत आणि दुपारी झोपतही. चार बैठका, प्रत्येकी दीड तास, मध्ये फोन न बघता वीस मिनिटं फिरणं. वाचलेल्या वेळात रात्रीची झोप पूर्ण करा. टेस्ट सोडवल्यावर गुण पाहून पेपर फेकू नका. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे ‘माहीतच नव्हतं’, ‘माहीत होतं, आठवलं नाही’ किंवा ‘प्रश्न नीट वाचला नाही’ यांपैकी एक लिहा. पहिल्यासाठी पुस्तक, दुसऱ्यासाठी कोरा कागद, तिसऱ्यासाठी पेन्सिलनं ‘नाही’, ‘फक्त’, ‘अयोग्य’ हे शब्द अधोरेखित करायची सवय.