तक्रार केली म्हणून थेट तासगावला पाठवलं

प्रश्न : मी कुपवाड एमआयडीसीतल्या एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये बिलिंग करते. सगळे मिळून पस्तीसेक माणसं आहोत. मॅनेजर रात्री नको ते मेसेज पाठवायचे, टेबलाशी येऊन अंगचटीला यायचे. मी मालकांना लेखी दिलं. लगेच माझं बिलिंग काढून मला तासगावच्या गोडाऊनवर पाठवलं, म्हणाले, ‘तुझ्या भल्यासाठीच.’ समिती नेमलीय म्हणतात. तिच्यात मालकांच्या वहिनी आणि दोन पुरुष सुपरवायझर. पगारवाढीचा शेरा अजून तोच मॅनेजर लिहिणार. दोन महिन्यांचा पगार घे आणि राजीनामा दे, असाही निरोप आलाय. सासूबाई म्हणतात, सोडून दे, नाव खराब होईल. काय करू?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, राजीनाम्यावर सही करू नका. बाकी सगळं नंतर, आधी हे. पैसे देऊन मिटवण्याचा जो निरोप आलाय, त्याला कायद्यात जागाच नाही. 2013 च्या लैंगिक छळ प्रतिबंध कायद्यात समेट फक्त तक्रारदार बाईनं मागितला तरच होतो, आणि तोही पैशाच्या बोलीवर करता येत नाही.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट म्हणजे ती बदली. चौकशी चालू असताना बदली होऊ शकते, पण त्यासाठी तुमची लेखी विनंती लागते आणि समितीची शिफारस लागते. तुम्ही तर काही मागितलंच नव्हतं. उलट मॅनेजरला दुसरीकडे हलवा, असं मागायचा हक्क तुम्हाला आहे. हक्काच्या रजेशिवाय तीन महिन्यांपर्यंतची रजाही मागता येते. आणि पगारवाढीच्या शेऱ्याबद्दल तर त्याच कायद्याच्या नियमांत, नियम 8 मध्ये, स्पष्ट तरतूद आहे : ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्यानं तुमच्या कामाचा अहवाल लिहू नये, ते काम दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावं, अशी शिफारस समिती करू शकते. ही तरतूद फार थोड्या बायकांना ठाऊक असते, म्हणून मुद्दाम सांगतेय.

तेव्हा साध्या कागदावर असं लिहा : ‘माझी तक्रार प्रलंबित असताना, मी विनंती केलेली नसताना झालेली तासगावची बदली मला मान्य नाही. ती रद्द करून मला पूर्वीच्या कामावर घ्यावं. माझ्या कामाचा अहवाल मॅनेजरांनी लिहू नये.’ एक प्रत समितीला, एक मालकांना. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. नाही दिली तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपा. तोवर तासगावला जात राहा. मनाविरुद्ध का होईना, पण जा. घरी बसलात तर उद्या ‘न सांगता गैरहजर’ एवढंच कागदावर उरेल. मेसेज डिलीट करू नका. बदलीआधीच्या आणि नंतरच्या पगाराच्या स्लिपा एकत्र ठेवा.

आता ती समिती. अध्यक्ष त्याच आस्थापनेतली वरिष्ठ महिला कर्मचारी हवी (तिथं तशी कुणी नसेल तरच मालकांच्या दुसऱ्या ऑफिसातली किंवा दुसऱ्या संस्थेतली), निदान निम्म्या सदस्य बायका हव्यात आणि बाहेरचा एक सदस्य हवा, सामाजिक संस्थेतला किंवा या विषयाचा जाणकार. नुसत्या मालकांच्या वहिनी आहेत एवढ्यावर त्यांना अध्यक्ष होता येत नाही. शिवाय तिघांत बाई एकच, आणि बाहेरचा सदस्य तुमच्या पत्रात दिसत नाही. म्हणजे तुमची समिती कायद्यात बसत नाही, हे त्याच पत्रात लिहा. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी रीतसर समिती न नेमणाऱ्या मालकाला 50,000 रुपयांपर्यंत दंड होतो. तरी हलले नाहीत, तर विजयनगरला जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज द्या; केंद्र सरकारच्या ‘शी-बॉक्स’ पोर्टलवरही तक्रार करता येते. रीतसर चौकशी 90 दिवसांत संपली पाहिजे.

सासूबाईंची काळजी खोटी नाही. त्यांना सांगा, तुमचं नाव, पत्ता आणि चौकशीतला मजकूर उघड करायला कायद्यानं बंदी आहे. आणि पुरावा कमी पडला एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही, तुम्हाला शिक्षाही होत नाही. जमलं तर अर्ज द्यायला जाताना सासूबाईंनाच सोबत घ्या. घरचं माणूस शेजारी असलं की पोच मागताना आवाज कापत नाही, हे मी कोर्टात अनेकदा पाहिलंय.