हॉलला मोरपंखी द्यावा की लोण्यासारखा फिकट पिवळा?

तुम्ही लिहिलंय की मुलाला मोरपंखी हवाय, तुम्हाला लोणी रंग. बडोद्यात मांजलपूरचा फ्लॅट, हॉलला पश्चिमेकडे गॅलरी, दुसरी खिडकी नाही. एवढ्यावरून मी सांगेन: तीन भिंतींना लोणी, आणि मोरपंखी फक्त गॅलरीसमोरच्या, पूर्वेच्या भिंतीला. एकच रंग निवडायचा झाला तर बेलाशक लोणी.

मोरपंखी उजेड पिऊन टाकतो. ज्या भिंतीत गॅलरीचं दार आहे तिला तो दिलात तर मधे लख्ख प्रकाश आणि भोवती अंधार, डोळे दिपतात. समोरच्या भिंतीवर उजेड थेट पडतो, तिथेच तो खुलतो. बाजूच्या भिंतींचा भरवसा नाही. बडोद्यात जूनमध्ये सूर्य पश्चिमेच्या बराच उत्तरेला मावळतो, त्यामुळे संध्याकाळचं ऊन दक्षिणेच्या भिंतीकडे जातं. डिसेंबरात तेच उत्तरेच्या भिंतीवर येतं. पूर्वेची भिंत दोन्ही ऋतूंत उजेडात असते.

हे मला आधी कळलं असतं तर! दांडिया बाजारातल्या आमच्या घरी मी दुकानातल्या पांढऱ्या ट्यूबलाइटखाली शेड कार्ड पाहून चारही भिंतींना मोरपंखी दिला. घरात पिवळे बल्ब. रात्री भिंती शेवाळ धरलेल्या विहिरीसारख्या दिसायच्या. सासूबाईंना भाजी निवडायला दुपारीही दिवा लावावा लागे. त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत, पण त्यांना ताट खिडकीशी सरकवताना पाहून मला फार वाईट वाटायचं. शेवटी प्रायमर मारून वर फिकट रंगाचे तीन हात द्यावे लागले.

म्हणून आधी दोन बाय तीन फुटांच्या पुठ्ठ्यांवर दोन्ही रंगांचे दोन-दोन हात द्या, कडेला पांढरी पट्टी सोडा म्हणजे भिंतीचा जुना रंग डोळ्यांना फसवणार नाही. पुरते वाळू द्या, ओल्या रंगावरून ठरवू नका. मग सकाळी, चार वाजता आणि रात्री दिव्यात, प्रत्येक भिंतीशी धरून बघा. ३००० केल्विनच्या पिवळसर बल्बमध्ये मोरपंखीतला निळा मरतो, हिरवा उरतो. ६५०० च्या पांढऱ्या दिव्यात लोणी फिकुटतं. बल्ब बदलणार असाल तर आधी बदला, मग रंग ठरवा.

दोन्ही पुठ्ठे शेजारी ठेवूनही बघा. मोरपंखी काठाशेजारी साडीचं फिकट अंग जास्त उबदार दिसतं ना, तसं लोणी इथे थोडं केशरीकडे झुकेल. शेजारचे रंग एकमेकांना बदलतात, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रलनं १८३९ मध्येच सविस्तर मांडलं होतं. शिवाय लोणी रंगाच्या भिंती एकमेकींवर पिवळा फेकतात. तेव्हा कार्डावर आवडलेल्या लोण्यापेक्षा एक घर फिकट घ्या.

झोपाळा त्या पूर्वेच्या भिंतीशी असेल तर तो हातभर पुढे घ्या. गडद मॅट रंगावर पाठीचा घासा आणि डोक्याचं तेल लगेच उठून दिसतं. धुता येणारा, किंचित चमकीचा इमल्शन चालेल, पण चमकीत पुट्टीचे उंचवटे दिसतात. रंगाऱ्याला पुट्टी घासून झाल्यावर भिंतीला बल्ब आडवा धरून दाखवायला सांगा. आणि मोरपंखीचा उरलेला डबा शेड नंबरासकट जपून ठेवा.