पेड-ए क्लोन झालं, पीसीआर पॉझिटिव्ह, तरी झोन का येत नाही?

तुम्ही लिहिलंय की पेडिओसिनचं (लिस्टेरियासारख्या बॅक्टेरियांना मारणारं छोटं पेप्टाइड) फक्त पेड-ए जीन लॅक्टोकॉकस बॅक्टेरियात टाकलं, सीक्वेन्स बरोबर आलाय, पण लिस्टेरियाच्या प्लेटवर झोन, म्हणजे लिस्टेरिया न वाढलेलं मोकळं वर्तुळ, काही दिसत नाही. माझा पहिला संशय एकच, माल, म्हणजे पेडिओसिन, बनत असेल पण बाहेर पडत नाहीये.

पेडिओसिन पीए-१ चं ऑपेरॉन (एकत्र चालणाऱ्या जीन्सचा गट) चार जीन्सचं आहे, पेड-ए ते पेड-डी, आणि बहुतेक जण ए वरच अडकतात. बी इम्युनिटीचं, म्हणजे बनवणाऱ्या पेशीला स्वतःच्याच पेडिओसिनपासून वाचवणारं, त्याचा बाहेर काढण्याशी संबंध नाही, सी मदतनीस. डी मात्र नीट समजून घ्या, तो एबीसी ट्रान्सपोर्टर आहे, म्हणजे एटीपीची ऊर्जा वापरून माल पेशीबाहेर काढणारं प्रोटीन. पेड-ए पासून ६२ अमिनो ॲसिडचं पूर्वरूप बनतं, त्यातले सुरुवातीचे १८ म्हणजे लीडर (बाहेर काढताना कापला जाणारा तुकडा) आणि लीडरच्या शेवटी दोन ग्लायसीन. ट्रान्सपोर्टरच्याच एका टोकाला, पेशीच्या आतल्या बाजूने, प्रोटीएज (प्रोटीन कापणारा भाग) बसलेला असतो, तो बरोबर त्या दोन ग्लायसीननंतर कापतो आणि उरलेलं ४४ चं पेप्टाइड एटीपी खर्चून बाहेर ढकललं जातं, म्हणजे कात्री आणि दरवाजा एकाच प्रोटीनमध्ये. तुमच्याकडे डी नाही म्हणजे दोन्ही नाहीत.

निसिन या दुसऱ्या बॅक्टेरियामारक पेप्टाइडचे पेपर वाचून इथे गोंधळू नका हं, तिथे निस-टी लीडरसकट बाहेर काढतं आणि निस-पी पेशीच्या बाहेरच्या बाजूला बसून कापतं, दोन वेगळी प्रोटीन्स.

मी तुमच्या जागी असतो तर आधी सरळ अख्खं ऑपेरॉन टाकलं असतं. ते मोठं पडत असेल तर लीडर बदला, लॅक्टोकॉकसच्या आयएल१४०३ स्ट्रेनमध्ये लॅक्टोकॉक्सिन ए (लॅक्टोकॉकसचं असंच पेप्टाइड) च्या ट्रान्सपोर्टरसारखी यंत्रणा क्रोमोसोमवरच आहे, त्यामुळे लॅक्टोकॉक्सिनचा लीडर पेडिओसिनला जोडला की चालतं. किंवा डायव्हर्जिसिन ए या आणखी एका अशाच पेप्टाइडचं सिग्नल पेप्टाइड लावून सेक मार्गाने, म्हणजे पेशीच्या प्रोटीन बाहेर काढण्याच्या नेहमीच्या वाटेने, काढा, तो मार्ग प्रत्येक बॅक्टेरियात असतोच, पण माल किती निघेल याची आशा जरा कमीच ठेवा.

झोन आला तरी लगेच खूश होऊ नका, तो लॅक्टिक ॲसिडचाही असू शकतो. सुपरनेटंट (पेशी काढून उरलेला द्रव) न्यूट्रल करून लावा आणि शेजारी प्रोटीएजचा थेंब टाका, त्या बाजूने झोन चपटा झाला तर पेप्टाइडच आहे. आणि हो, पीएच ६ च्या आसपास पेडिओसिन पेशींनाच चिकटून बसतं, त्यामुळे सुपरनेटंट रिकामा वाटला तर पेशी पीएच २ ला धुऊन तेही एकदा टेस्ट करा.