खुला घेतला म्हणून मुलांची पोटगी सुटत नाही

प्रश्न : माझे माहेर सोलापूरचे, सासर इंदूरचे. आम्ही सुन्नी मुसलमान, हनफी विचारपंथाचे आहोत. मेहर (लग्नात पतीने पत्नीला द्यायचे ठरलेले धन) सोडून मी खुला, म्हणजे पत्नीने मागून घेतलेला तलाक, घेतला आणि सध्या इंदुरातच भावाकडे राहते. नऊ वर्षांची मुलगी व साडेसहा वर्षांचा मुलगा माझ्याजवळ आहेत. त्यांचे वडील म्हणतात, “मुलगा सात वर्षांचा झाला की माझा; आणि खुला तू मागितलास, तेव्हा मुलांचा खर्चही तूच कर.” हे खरे आहे का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : ताई, त्यांचे दुसरे म्हणणे सर्वस्वी चुकीचे आहे, म्हणून आधी तेच घेते. मेहर आपले होते, ते सोडण्याचा आपल्याला अधिकार होता. पोटगी मात्र मुलांचा हक्क आहे, आणि खुलानाम्यात आपण काहीही लिहून दिले असले तरी तो बुडत नाही. मूल आईच्या ताब्यात असतानाही त्याचा खर्च बापानेच करायचा, हे हनफी शास्त्रालाही मान्य आहे. ज्यांच्या पोटगीचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, त्या शाहबानो आपल्याच इंदूरच्या. त्यांच्या १९८५ च्या निकालानंतर आलेल्या १९८६ च्या मुस्लिम महिला (घटस्फोटानंतरच्या हक्कांचे संरक्षण) कायद्यात मूल दोन वर्षांचे होईपर्यंतच्या खर्चाची तरतूद आहे, आणि तिच्यावर बोट ठेवून पुढचा खर्च नाकारला जाई. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये नूर सबा खातून प्रकरणात तो मार्ग बंद केला : ऐपत असलेल्या बापाने मुले सज्ञान होईपर्यंत किंवा स्वतःच्या पायावर उभी राहीपर्यंत, आणि मुलींना त्यांचे लग्न होईपर्यंत, पोटगी दिलीच पाहिजे. त्यासाठी कुटुंब न्यायालयात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली, मुलांच्या वतीने अर्ज करा आणि त्यातच अंतरिम पोटगी मागा. शाळेच्या फीच्या व औषधांच्या पावत्या जपून ठेवा.

ताब्याबाबत त्यांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. हनफी मतानुसार आईची हिजानत, म्हणजे मुलांना आपल्याजवळ ठेवून सांभाळण्याचा हक्क, मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत असते. परंतु सातवा वाढदिवस उजाडला म्हणून त्याला परस्पर उचलून नेण्याचा अधिकार कोणालाही मिळत नाही. वडिलांना १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली अर्ज करावा लागेल, आणि तेथे न्यायालय वयाच्या नियमाबरोबरच मुलाचे हित, म्हणजे त्याची शाळा, बहिणीची सोबत आणि आजवर त्याचे कोणी केले हे सारे पाहते. आपण मुलांच्या जवळच्या नात्याबाहेर पुनर्विवाह केल्यास हनफी मतानुसार हिजानतीचा पहिला मान मुलांच्या नानीकडे जातो. तसा विचार असेल तर आधी वकिलांशी बोला.

पैसे येत नाहीत म्हणून मुलांची वडिलांशी भेट मात्र अडवू नका. भेटीचे दिवस व वेळ लेखी ठरवून घ्या, आणि पोटगीचा अर्ज त्यासाठी थांबवू नका.